‘आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’ : एका रहस्यपटाची साक्ष

१. विषयाचे स्वरूप

एखाद्या कालखंडाच्या सामाजिक इतिहासाची साधने जमविताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम दप्तरांकडे, वृत्तपत्रांकडे आणि खाजगी पत्रव्यवहाराकडे वळते. चित्रपटांकडे तो वळलाच, तर वार्तापट आणि माहितीपट ह्यांवर त्याचा भरवसा असतो. कथापटाला साक्षीदार म्हणून पुढे करण्यास तो सहसा धजत नाही. कथापटातील घर खरे नसते, त्यातील माणसे दुसऱ्याचे नाव धारण करून वावरतात, आणि त्यातील घटना कधी घडलेल्याच नसतात. रहस्यपटाच्या बाबतीत तर हा अविश्वास आणखी वाढतो, कारण प्रेक्षकाची दिशाभूल करणे हेच त्याचे अंगीकृत कार्य होय.

तथापि असे काही कथापट आहेत की ज्यांच्यापुढे ही सरळ विभागणी टिकत नाही. थोरॉल्ड डिकिन्सन ह्याने दिग्दर्शित केलेला ‘द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी’ हा १९३९ सालचा ब्रिटिश बोलपट त्यांपैकी एक होय. फुटबॉलच्या चालू सामन्यात एक खेळाडू मैदानावर कोसळतो, त्याला विष दिले गेल्याचे उघडकीस येते, आणि पोलिस अधिकारी खुन्याचा शोध घेतो, एवढीच त्याची कथा. कथा सर्वस्वी कल्पित आहे. परंतु क्रीडांगण खरे आहे, संघ खरा आहे, संघाचा व्यवस्थापक स्वतःच्याच नावाने पडद्यावर बोलतो आहे, आणि चित्रपटात दिसणाऱ्या खेळाचा मोठा भाग हा प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या एका सामन्याचा आहे. कल्पित आणि वास्तव ह्यांची ही सरमिसळ कशी साधली गेली, तिच्यामुळे रहस्यकथेच्या रूढ घाटात कोणते बदल झाले, आणि अशा कृतीची ऐतिहासिक साक्ष कितपत ग्राह्य धरावी, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. कादंबरी आणि चित्रपट

चित्रपटाचा आधार असलेली कादंबरी लेनर्ड ग्रिबल (१९०८–१९८५) ह्या लेखकाची. ती १९३९ सालीच प्रसिद्ध झाली. ग्रिबल हा विपुल लेखन करणारा रहस्यकथाकार. त्याचा अँथनी स्लेड हा स्कॉटलंड यार्डचा अधिकारी वाचकांच्या परिचयाचा झालेला होता, आणि तोच ह्या कथेतही तपास करतो. फुटबॉल आणि गुन्हा ह्यांची सांगड घालण्याचा मोह ग्रिबलला पुढेही आवरला नाही. प्रख्यात खेळाडू स्टॅन्ले मॅथ्यूज ह्याच्या अपहरणाची कल्पना करून त्याने १९५० साली आणखी एक कादंबरी लिहिली. वाङ्मयीन दृष्ट्या ह्या कादंबऱ्यांचा दर्जा मध्यम आहे. परंतु वाचकाला नित्य वृत्तपत्रात भेटणारी खरी नावे कथेत आणून बसविण्याची त्यांची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे.

चित्रपटाच्या निर्मितीमागे तत्कालीन ब्रिटिश व्यवसायाची परिस्थितीही उभी होती. अमेरिकन चित्रपटांच्या लोंढ्यापासून देशी धंद्याचे रक्षण करण्यासाठी १९२७ साली ब्रिटनमध्ये कायदा होऊन चित्रगृहांवर ठराविक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखविण्याचे बंधन आले. त्याचा परिणाम असा झाला की केवळ ते प्रमाण भरून काढण्यासाठी घाईघाईने आणि अल्प खर्चात तयार केलेल्या सुमार चित्रपटांचे पेव फुटले. १९३८ च्या कायद्याने निर्मितिखर्चाची किमान मर्यादा घालून ह्या प्रकारास आळा घालण्याचा प्रयत्न केला. त्या आधीच्या काळात आर्थिक संकटामुळे अनेक निर्मितिसंस्था अडचणीत आल्या होत्या. अशा वेळी मर्यादित खर्चात, परंतु प्रेक्षकाला निश्चित ओढून आणील असा विषय शोधणे निर्मात्यांस प्राप्त होते. रहस्यकथा आणि फुटबॉल ही दोन्ही त्या काळच्या इंग्लंडमधील सर्वसामान्य माणसाची खरीखुरी व्यसने होती. ती एकत्र आणण्याची कल्पना व्यवहारदृष्ट्या अचूक होती.

फुटबॉलला पडद्यावर आणण्याचा हा पहिलाच प्रयत्न, असे जे कधी कधी म्हटले जाते, ते मात्र बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच मिचेल आणि केन्यन ह्या जोडीने उत्तर इंग्लंडमधील सामन्यांचे चित्रण केलेले आहे, आणि १९३० साली फुटबॉलवर आधारलेला ‘द ग्रेट गेम’ हा बोलपटही येऊन गेला होता. डिकिन्सनच्या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या क्रमांकात नसून त्याच्या रीतीत आहे.

३. बंदिस्त घर आणि उघडे मैदान

दोन महायुद्धांच्या दरम्यानचा काळ हा इंग्रजी रहस्यकथेचा भरभराटीचा काळ समजला जातो. ह्या काळात रहस्यकथेला जवळ जवळ शास्त्राचे रूप आले. रोनल्ड नॉक्स ह्याने १९२९ साली तिचे दहा नियम सांगितले, आणि १९३० च्या सुमारास लंडनमध्ये रहस्यकथाकारांचे एक मंडळही स्थापन झाले. ह्या नियमांचे सार असे की लेखकाने वाचकाशी प्रामाणिक राहावे. जो धागा तपास करणाऱ्याला मिळतो, तो वाचकालाही मिळालाच पाहिजे. ह्या प्रामाणिकपणाची एक सोय म्हणून लेखक संशयितांची संख्या मर्यादित ठेवीत. खेड्यातील वाडा, बर्फात अडकलेली आगगाडी, भर समुद्रातील जहाज ही रहस्यकथेची आवडती स्थळे होती. कारण तेथे बाहेरचा मनुष्य येऊ शकत नाही, आणि आतला मनुष्य जाऊ शकत नाही.

फुटबॉलचे मैदान हे ह्याच्या नेमके उलट स्थळ होय. ते उघडे आहे, भर दिवसा प्रकाशमान आहे, आणि हजारो डोळे त्यावर खिळलेले आहेत. आर्सेनलच्या हायबरी येथील क्रीडांगणावर १९३५ च्या मार्चमध्ये संडरलंडविरुद्धच्या सामन्याला ७३,२९५ प्रेक्षक उपस्थित होते, ही नोंद पाहिली म्हणजे ह्या उघडेपणाची कल्पना येते. अशा ठिकाणी रहस्य कसे नांदावे? ग्रिबल आणि डिकिन्सन ह्यांनी ह्या प्रश्नाचे जे उत्तर काढले त्यातच ह्या कृतीचे मर्म आहे. मैदान वरकरणी उघडे असले तरी खेळाच्या नियमांनी ते बंदिस्त केलेले आहे. पांढऱ्या रेषेच्या आत कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरलेले असते. त्या काळी तर राखीव खेळाडू उतरविण्याचीही मुभा नव्हती. इंग्लंडच्या लीग स्पर्धेत ती १९६५-६६ च्या हंगामापासून मिळाली. म्हणजे सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तेच बावीस खेळाडू मैदानावर. गर्दी हजारोंची, परंतु कोसळणाऱ्या खेळाडूच्या जवळ जाऊ शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. प्रेक्षकांची भिंत ही वाड्याच्या भिंतीपेक्षाही अधिक अभेद्य ठरते.

ह्यातून दुसरी एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. रूढ रहस्यकथेत गुन्हा कोणी पाहिलेला नसतो, आणि साक्षीदार शोधावा लागतो. येथे मृत्यू सर्वांनी पाहिलेला आहे, आणि तरीही काय पाहिले हे कोणालाच सांगता येत नाही. चेंडू जिकडे जातो तिकडे प्रेक्षकाची दृष्टी जाते. चेंडूपासून दूर काय घडते ते तो पाहत असूनही पाहत नाही. हा खेळाच्या प्रेक्षकाचा धर्म आहे, आणि चित्रपटाच्या प्रेक्षकाचाही. दिग्दर्शक जिकडे कॅमेरा वळवील तेवढेच त्याला दिसते. मैदानावरील प्रेक्षक आणि चित्रगृहातील प्रेक्षक ह्यांना एकाच पातळीवर आणून दोघांचीही सारखीच फसगत करणे, ही ह्या चित्रपटाची खरी रहस्यरचना होय.

४. हौशी आणि व्यावसायिक

कथेतील सामना आर्सेनल आणि ट्रोजन्स ह्या काल्पनिक हौशी संघात होतो. सामना मैत्रीचा आहे. मृत्यू पावणारा जॉन डॉइस हा ट्रोजन्सचा नवा खेळाडू आहे. संशयाची सुई फिरते ती त्याच्या संघबंधूंवर आणि त्याच्या प्रेमप्रकरणांत गुंतलेल्या व्यक्तींवर. ग्रेटा गिंट ह्या मूळच्या नॉर्वेजियन अभिनेत्रीने त्यातील प्रमुख स्त्रीभूमिका केली आहे. अखेर गुन्हेगार कोण ठरतो, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याने विवेचनात काही भर पडणार नाही, आणि चित्रपट न पाहिलेल्या वाचकाचे मात्र नुकसान होईल.

‘हौशी संघ’ ही योजना सहज केलेली दिसत नाही. इंग्लंडच्या क्रीडाजीवनात हौशी आणि व्यावसायिक हा भेद केवळ पैशाचा नव्हता. तो वर्गाचा होता. हौशी खेळाडू म्हणजे खेळावाचून ज्याचे अडत नाही असा सुस्थितीतील, बहुधा खाजगी शाळांतून शिकलेला गृहस्थ. व्यावसायिक खेळाडू म्हणजे आठवड्याच्या वेतनावर खेळणारा कामगारवर्गातील माणूस. ह्या वेतनाचीही कमाल मर्यादा ठरलेली असे. १९२२ पासून ती हंगामात आठवड्याला ८ पौंड होती, आणि कमाल वेतनाचा हा नियम १९६१ साली रद्द होईपर्यंत कोणत्या ना कोणत्या आकड्याने टिकून राहिला. ह्याच आर्सेनल संघाने ऑगस्ट १९३८ मध्ये ब्रिन जोन्स ह्या खेळाडूसाठी वुल्व्हरहॅम्प्टन संघाला १४,००० पौंड दिले. परंतु खुद्द ब्रिन जोन्सला मिळणारे वेतन त्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नव्हते. खेळाडूचे मोल आणि खेळाडूची मिळकत ह्यांतील ही तफावत त्या काळच्या व्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे चित्रपटातील नैतिक मांडणीचा एक वेगळाच अर्थ दिसू लागतो. मत्सर, प्रणयातील विश्वासघात आणि विषप्रयोग हे सारे हौशी गृहस्थांच्या गोटात घडते. व्यावसायिक खेळाडू आपापले काम चोख करतात, व्यवस्थापकाचे ऐकतात, आणि पोलिसांना सहकार्य देतात. ह्यामागे एक व्यावहारिक कारण उघडच असणार. जिवंत आणि विख्यात खेळाडूंना त्यांच्या खऱ्या नावानिशी पडद्यावर आणल्यावर त्यांच्यापैकी कोणाला खुनी ठरविणे शक्यच नव्हते. म्हणजे आर्सेनलचे खेळाडू आरंभापासून संशयमुक्त आहेत, हे चाणाक्ष प्रेक्षकाने ताडावेच. रहस्यकथेच्या दृष्टीने हे वैगुण्य म्हणावे लागेल. परंतु ह्या वैगुण्यातून, कदाचित हेतू नसताना, वर्गीय प्रतिष्ठेचे एक उलटे चित्र निर्माण झाले. ज्या समाजात सद्गृहस्थ हा शब्द हौशी खेळाडूशी जोडला जात होता, त्या समाजाच्या प्रेक्षकाला हे चित्र रुचले असल्यास नवल नाही. योगायोग असा की हौशी परंपरेचा मानबिंदू समजला जाणारा कॉरिंथियन संघ त्याच १९३९ साली कॅज्युअल्स ह्या दुसऱ्या संघात विलीन होऊन आपले स्वतंत्र अस्तित्व गमावून बसला.

५. एका सामन्याचे दोन सामने

मैदानावरील दृश्यांसाठी ६ मे १९३९ रोजी हायबरी येथे झालेल्या आर्सेनल विरुद्ध ब्रेंटफर्ड ह्या सामन्याचे चित्रण उपयोगात आणले गेले. १९३८-३९ च्या हंगामातील आर्सेनलचा हा शेवटचा लीग सामना. ब्रेंटफर्डचा संघही तेव्हा पहिल्या श्रेणीत खेळत होता. चित्रपटातील ट्रोजन्स म्हणजे दुरून पाहिलेले ब्रेंटफर्डचे खेळाडू होत. त्यासाठी त्यांनी आपला नेहमीचा तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गणवेश सोडून वेगळा गणवेश घातला. ह्याचे तांत्रिक कारण सहज समजण्याजोगे आहे. आर्सेनलचा सदरा तांबडा, बाह्या पांढऱ्या. कृष्णधवल चित्रफितीवर तांबडा रंग गडद करडा उमटतो, आणि पट्ट्यांचा सदरा व पांढऱ्या बाह्यांचा सदरा दुरून एकमेकांत मिसळून जाण्याचा संभव असतो. प्रतिस्पर्धी निराळ्या, साध्या रंगात असला म्हणजे प्रेक्षकाला कोण कोणाचा हे एका दृष्टिक्षेपात कळते.

आणखी एक अनुकूलता परिस्थितीने मिळवून दिली. खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक लावण्याची सक्ती लीगने १९३९-४० च्या हंगामापासून केली. ह्या सामन्याच्या वेळी तो नियम अमलात नव्हता. क्रमांक नसलेला खेळाडू दुरून कोणीही असू शकतो. दूरच्या दृश्यातील ब्रेंटफर्डचा खेळाडू आणि जवळच्या दृश्यातील नट हे दोघे एकच आहेत, असे प्रेक्षकाने मानावयाचे, तर अशी अनामिकता उपकारकच होती.

ह्यातून जी संकलनाची समस्या उभी राहिली ती डिकिन्सनच्या अभ्यासाच्या आणि आवडीच्या क्षेत्रातलीच होती. दिग्दर्शक होण्यापूर्वी त्याने संकलक म्हणून अनेक वर्षे काम केले होते. लंडनच्या फिल्म सोसायटीशी त्याचा निकट संबंध होता, आणि सोव्हिएत दिग्दर्शकांच्या ज्या कृती इंग्लंडमध्ये प्रथम ह्या संस्थेने दाखविल्या, त्यांतील संकलनाचे तत्त्व त्याने आत्मसात केलेले होते. ते तत्त्व असे की दोन निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या वेळी घेतलेले चित्रतुकडे सांधून एक तिसरेच, कोठेही अस्तित्वात नसलेले स्थळ प्रेक्षकाच्या मनात निर्माण करता येते. लेव्ह कुलेशॉव्हने प्रयोगादाखल मांडलेली ही गोष्ट डिकिन्सनने येथे एका लोकप्रिय करमणुकीच्या बोलपटात निःशब्दपणे वापरली. हायबरीवर प्रत्यक्ष सामना एकच झाला; पडद्यावर मात्र त्याच चित्रणातून दुसरा सामना उभा राहिला, ज्यात ब्रेंटफर्ड नाही, गुणतक्त्यातील स्थानाची चिंता नाही, आणि एका खेळाडूचा मृत्यू आहे.

१९३८ साली डिकिन्सन यादवी युद्धाच्या काळातील स्पेनमध्ये जाऊन माहितीपट करून आलेला होता, हेही येथे विसरता येत नाही. नियंत्रणाबाहेरच्या घटनेसमोर कॅमेरा ठेवून तिच्यातून अर्थपूर्ण तुकडे निवडण्याची सवय त्याला तेथे झालेली असावी. फुटबॉलचा सामनाही दिग्दर्शकाच्या सूचनेप्रमाणे चालत नाही.

६. आर्सेनल आणि प्रसिद्धीची साधने

ह्या कथेसाठी आर्सेनलचीच निवड का व्हावी? केवळ यशस्वी संघ म्हणून नव्हे, जरी त्या यशाला तोड नव्हती. १९३० पासून १९३८ पर्यंत ह्या संघाने पाच वेळा लीगचे विजेतेपद आणि दोन वेळा एफ. ए. चषक मिळविला. त्या यशाचा पाया हर्बर्ट चॅपमन ह्या व्यवस्थापकाने घातला. १९२५ साली तो संघात आला आणि जानेवारी १९३४ मध्ये पदावर असतानाच मृत्यू पावला. भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड ह्या स्थानकाचे नाव बदलून १९३२ साली ते आर्सेनल असे करण्यात आले, ह्यामागेही त्याचाच आग्रह होता. त्याच वर्षी मैदानाच्या पश्चिमेची आणि १९३६ साली पूर्वेची अशा दोन भव्य, नव्या धर्तीच्या प्रेक्षकसज्जांच्या इमारती उभ्या राहिल्या. चित्रपटाला आवश्यक असलेली दृश्य भव्यता ह्या वास्तूंनी आयतीच पुरविली.

परंतु आर्सेनलचा खरा विशेष असा की नवी प्रसिद्धिसाधने आणि हा संघ ह्यांची वाढ बरोबरीने झाली. फुटबॉलच्या सामन्याचे ब्रिटनमधील पहिले नभोवाणी समालोचन २२ जानेवारी १९२७ रोजी हायबरीवरूनच झाले. दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष दाखविला गेलेला पहिला फुटबॉलचा खेळही सप्टेंबर १९३७ मध्ये आर्सेनलच्या दोन संघांमधला होता. चॅपमननंतर व्यवस्थापक झालेला जॉर्ज ॲलिसन हा मूळचा पत्रकार आणि नभोवाणीवरील प्रारंभीच्या समालोचकांपैकी एक. ध्वनिक्षेपकासमोर न बिचकणारा व्यवस्थापक मिळणे हे निर्मात्यांचे भाग्यच म्हणावयाचे. चित्रपटात ॲलिसन स्वतःची भूमिका करतो, आणि व्यवसायाने नट नसलेल्या माणसाच्या मानाने ती बरीच सहजतेने करतो. संघ एका गोलने आघाडीवर असल्याबद्दल संतोष व्यक्त करणारे त्याचे एक वाक्य संघाच्या चाहत्यांच्या स्मरणात पुढे अनेक दशके राहिले. संघाचा प्रशिक्षक आणि दुखापतींवरील उपचारासाठी ख्यातनाम असलेला टॉम व्हिटेकर, तसेच क्लिफ बॅस्टिन, एडी हॅपगुड ह्यांसारखे खेळाडूही स्वतःच्या रूपात दिसतात. वार्तापटांचा सुपरिचित निवेदक इ. व्ही. एच. एमेट हाही आपल्या खऱ्या नावाने समालोचन करतो. प्रेक्षक दर आठवड्याला चित्रगृहात जो आवाज खऱ्या बातम्यांच्या वेळी ऐकत असे, तोच आवाज येथे खोट्या सामन्याची ग्वाही देतो. कल्पिताला वास्तवाचा मुखवटा चढविण्याची ह्याहून परिणामकारक युक्ती क्वचितच आढळेल.

ह्या सर्व खऱ्या माणसांच्या मेळाव्यात सर्वांत अधिक नाटकी वाटते ती तपास अधिकाऱ्याची व्यक्तिरेखा, आणि ते दिग्दर्शकाने बुद्ध्या केलेले आहे. लेस्ली बँक्स ह्या नामांकित रंगभूमिनटाने रंगविलेला इन्स्पेक्टर स्लेड प्रथम दिसतो तो पोलिसांच्या करमणुकीच्या कार्यक्रमाची तालीम घेताना; धिप्पाड शिपाई नर्तिकांचे झगे घालून नाचत आहेत आणि स्लेड त्यांना शिकवितो आहे. खुनाची वार्ता आल्यावर तो तालमीइतक्याच उत्साहाने तपासाला लागतो. प्रसंगागणिक तो टोप्या बदलतो. पहिल्या महायुद्धातील जखमेमुळे बँक्सच्या चेहऱ्याची एक बाजू अंशतः लुळी पडली होती. चेहऱ्याच्या ह्या दोन भिन्न बाजूंचा त्याने आपल्या अभिनयात कुशलतेने उपयोग करून घेतला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. स्लेडच्या मिस्किलपणाआड जी धार जाणवते तिला ह्याचेही साहाय्य झाले असावे. तपास करणारा हा स्वतःच एक नाटक बसविणारा आहे, ही सूचना चित्रपटाच्या मूळ कल्पनेशी सुसंगत आहे: येथे खरी माणसे स्वतःचे सोंग घेतात, आणि सोंगाड्या मात्र सत्य शोधतो.

७. साक्षीचे मोल

चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तोपर्यंत त्यात दिसणारे जग संपुष्टात आले होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले. नव्या हंगामाचे तीनच सामने झाले होते. स्पर्धा रद्द झाली आणि ते सामने अधिकृत नोंदींतून वगळण्यात आले. त्यामुळे चित्रपटात दिसणारा ब्रेंटफर्डविरुद्धचा सामना हाच नोंदींच्या दृष्टीने आर्सेनलचा युद्धपूर्व काळातील शेवटचा लीग सामना ठरला. हायबरीचे क्रीडांगण हवाई हल्ल्यांपासून संरक्षणाच्या कामासाठी घेतले गेले, त्यावर बाँब पडले, आणि आर्सेनलला आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे टॉटेनहॅमच्या, मैदानाचा आश्रय घ्यावा लागला. संघाचे काही खेळाडू युद्धातून परतले नाहीत. बॅस्टिन, हॅपगुड, टेड ड्रेक ह्यांच्या खेळाची ऐन बहरातील वर्षे युद्धाने गिळली. ह्या चित्रपटात काम करणारा एस्मंड नाइट हा नट आरमारात दाखल झाला, आणि मे १९४१ मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्कशी झालेल्या चकमकीत त्याची दृष्टी गेली. तरीही त्याने पुढे अभिनयाचा व्यवसाय चालू ठेवला.

आज ह्या चित्रपटाचे मोल ठरविताना ही पुढची हकीकत मनातून काढून टाकणे कठीण आहे. परंतु अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. चित्रपट करणाऱ्यांना आपण एका युगाचा अखेरचा दिवस टिपतो आहोत, ह्याची जाणीव असल्याची कोणतीही खूण कृतीत नाही. तिच्यातील आनंदी, खेळकर सूर खरा आहे. त्यावर विषादाची छाया पडते ती उत्तरकालीन प्रेक्षकाच्या ज्ञानामुळे. ह्या दोन गोष्टींची गल्लत केल्यास साक्षीदाराने जे सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखे होईल.

मग साक्ष कोणत्या बाबतीत ग्राह्य मानावी? ह्यासाठी चित्रपटातील सामग्रीचे तीन थर वेगळे करणे उपयुक्त ठरेल. पहिला थर हेतुपुरस्सर कल्पिलेल्या गोष्टींचा: गुन्हा, संशयित, तपास. ह्या थरावरून त्या काळच्या पोलिसी पद्धतीविषयी अनुमाने काढणे धोक्याचे आहे. फार तर प्रेक्षकांच्या अपेक्षांविषयी काही म्हणता येईल. दुसरा थर सादरीकरणाचा: ॲलिसनचे बोलणे, खेळाडूंचे वागणे. हे लोक खरे असले तरी ते कॅमेऱ्यासमोर, लिहून दिलेल्या प्रसंगात, आपली इष्ट प्रतिमा उभी करीत आहेत. ह्यावरून संघाचे अंतरंग कळत नाही. संघाला आपण कसे दिसावे असे वाटत होते, ते मात्र उत्तम कळते. तिसरा थर अनवधानाने चित्रित झालेल्या गोष्टींचा: प्रेक्षकांच्या टोप्या, उभे राहण्याची दाटी, खेळाडूंच्या जड बुटांची चाल, चेंडू हाताळण्याची लकब, सज्जांची रचना. ह्या गोष्टींविषयी खोटे बोलण्याचे कोणालाच कारण नव्हते. म्हणून साक्षीच्या दृष्टीने हा थर सर्वांत विश्वसनीय.

विरोधाभास असा की हा तिसरा थर टिकून राहिला तो पहिल्या थरामुळे. वार्तापटात सामन्याची काही क्षणचित्रे येत, आणि आठवडा उलटला की तो वार्तापट शिळा होई. कथापटाने त्याच चित्रणाला खुनाच्या गोष्टीत गुंफल्यामुळे ते पुन्हा पुन्हा पाहिले गेले आणि जतन झाले. हायबरीचे मैदान २००६ साली आर्सेनलने सोडले. तेथे आता निवासी सदनिका आहेत, आणि जुन्या सज्जांचे दर्शनी भाग तेवढे राखलेले आहेत. ते मैदान भर गर्दीत, १९३९ च्या उन्हात, ज्याला पाहावयाचे असेल त्याला एका खोट्या खुनाच्या वाटेनेच तेथे जावे लागते.

८. समारोप

डिकिन्सनच्या नावावर ‘गॅसलाइट’ (१९४०) आणि ‘द क्वीन ऑफ स्पेड्स’ (१९४९) ह्यांसारखे अधिक गंभीर आणि अधिक गाजलेले चित्रपट आहेत. त्यांच्या तुलनेत प्रस्तुत चित्रपटाला समीक्षक गौण मानतात, आणि कलामूल्याच्या कसोटीवर ते अयोग्य नाही. परंतु दिग्दर्शनातून निवृत्त झाल्यावर डिकिन्सनने जे कार्य केले त्याच्या प्रकाशात ह्या गौण कृतीकडे पुन्हा पाहणे उचित होईल. १९६० साली लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील स्लेड कलाशाळेत त्याने चित्रपट विभाग सुरू केला, आणि १९६७ साली तो चित्रपट ह्या विषयाचा ब्रिटनमधील पहिला प्राध्यापक झाला. चित्रपटांतील इन्स्पेक्टरचे आणि ह्या कलाशाळेचे नाव एकच असावे, हा निव्वळ योगायोग. चित्रपट ही विद्यापीठीय अभ्यासाची वस्तू आहे, हे मत मात्र योगायोगाने आलेले नव्हते. ज्या माणसाने एका खऱ्या सामन्याचे तुकडे जोडून खोटा सामना निर्माण केला होता, त्याला पडद्यावरील सत्याची घडण आतून ठाऊक होती. आणि ती घडण विद्यार्थ्याला उलगडून दाखविण्याची निकडही त्यालाच अधिक जाणवली असावी.

कथापटाने साक्ष द्यावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या रीतीने मांडला जातो. कथापट साक्ष देतच असतो. त्याची उलटतपासणी कशी करावी, कोणत्या प्रश्नाला त्याचे उत्तर घ्यावे आणि कोणत्या ठिकाणी त्याला थांबवावे, हे ठरविण्याची जबाबदारी अभ्यासकाची आहे.